अप्पांच्या तारा

"बाई, अप्पा गाणं ऐकायला खाली बोलवायलेत," असा निरोप घेऊन अक्का जिन्यात आली, तेव्हा माझं सामानही धड लागलं नव्हतं. आळंदच्या मराठी शाळेत गणिताची बाई म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते आणि एका सहकाऱ्याने अप्पांच्या घरातली वरची खोली मिळवून दिली होती. देताना तो म्हणाला होता, "मालक देवमाणूस हाय. फकस्त ऐकायला बोलावलं तर शाळेचं काम हाय म्हना." मला त्याचा अर्थ लागला नाही. गाण्याचं नाव काढल्यावर मी उलट वेणीफणी करून खाली गेले.

अप्पांनी गाणं लावलंच नाही.

पुढच्या खोलीत पूर्वी त्यांची तुरीची अडत होती. गोणी गेल्या होत्या, पण वास राहिला होता. भिंतीशी दोन उंच स्पीकर उभे होते आणि ते हलू नयेत म्हणून खाली अडतीतली जुनी लोखंडी वजनं टेकवली होती. मधल्या फळीवर यंत्रं होती. अप्पांनी मला यंत्रांकडे पाठ करून स्टुलावर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन वाकले. धोतर, बंडी, आणि डोक्याचा लाल रुमाल काढून खांद्यावर टाकलेला.

एका बाईचा आवाज आला, इतका जवळून की मी दचकलेच. "सिद्रामा, जेवलास का रं? तिकडं तुला भाकर मिळायली का न्हाई? हिकडं तुरी निघाल्या. काळी शेळी व्याली, दोन पिल्लं हाइत." असं बरंच काही. मग ती दुसऱ्याच कोणाला तरी म्हणाली, "तुमी बी बोला की." आणि पुढे काहीच नाही. मी वाट पाहत बसले. बऱ्याच वेळाने तीच बाई म्हणाली, "अप्पा बरं हाइत बग. ठिवते आता."

अप्पांनी यंत्र थांबवलं, मागे काहीतरी खुडबुड केली आणि तोच भाग पुन्हा लावला. पुन्हा "तुमी बी बोला की", पुन्हा तीच मुकी जागा.

"कंची बरी वाटली? पहिली का दुसरी?"

"पहिली काय, अप्पा?"

"हीच की. मधली जागा."

मी अक्काकडे पाहिलं. काहीतरी सांगून मोकळ्या व्हा, असं तिने डोळ्यांनीच खुणावलं. मी "दुसरी" म्हणायला तोंड उघडलं, तर अप्पांनी हात वर करून मला गप्प केलं. तोंडाने सांगायचं नाही, हा तिथला पहिला नियम होता.

अप्पांचं घराणं पिढीजात मेंढरं राखणारं. वडील बाजारात मेंढरांची दलाली करायचे, अप्पा तुरीच्या अडतीत शिरले. दोन्हीकडे जुनी रीत एकच होती. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने रुमालाखाली हातात हात धरायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. पुढे सरकारी बाजारात ते बंद झालं, पण अप्पांच्या हातातून गेलं नाही. तारांची परीक्षा ते तशीच घ्यायचे. पहिली तार बरी वाटली तर एक बोट दाबायचं, दुसरी बरी वाटली तर दोन. पटलंच तर सगळा पंजा धरायचा. "तोंडानं मानूस दुसऱ्याचा मान राखून बोलतो," ते म्हणायचे, "हात तसा बोलत न्हाई." शिवाय खोलीत चार माणसं असली तर एकाचं ऐकून बाकीचे तसंच म्हणतात, म्हणून रुमाल बरा.

आता परक्या बाईचा हात रुमालाखाली कसा धरणार? त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. बायकांसाठी अक्का मध्यस्थ. आपण अक्काचं बोट दाबायचं, अक्काने भावाचं. ही अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. तिला चुलीवरची डाळ सोडून यावं लागायचं, म्हणून ती चिडलेली असायची. मी दोन बोटं दाबली काय आणि मूठ आवळली काय, ती पुढे एकच बोट पोहोचवायची. पहिली तार जिंकली की खेळ लवकर संपतो, हे तिला ठाऊक झालं होतं. अप्पांच्या परीक्षेत गावातल्या बायकांचं मत नेहमी पहिल्या तारेला पडायचं आणि त्याचं त्यांना फार नवल वाटायचं.

या तारा म्हणजे काय, ते सांगायला हवं. तबकडी, म्हणजे सीडी, फिरवणारा एक डबा आणि तबकडीतल्या आकड्यांचा आवाज करणारा दुसरा डबा, या दोघांच्या मधे हातभर लांबीची तार लागते. दुकानात ती तयार मिळते. अप्पा ती घरी बनवायचे. डिशच्या केबलची एक, जळालेल्या पंपाच्या मोटारीतलं तांबं सोडवून पीळ घातलेली एक, टेलिफोनच्या वायरीची एक. टोकांना टीव्हीवाल्याकडून आणलेल्या पिना, त्यांना स्वतः दिलेले कथलाचे डाग, वरून गोणी शिवायच्या दोऱ्याचं वेष्टण. तारांची नावं मेंढरांसारखी होती. डिशची ती काळी, मोटारीची ती तांबडी, काळापांढरा दोरा गुंडाळलेली ती बांडी. आवाज मनासारखा आला नाही की ते तुरीचा नमुना फेकावा तशी तार बाजूला टाकायचे आणि म्हणायचे, "दाना भरला न्हाई."

हे सगळं दुपारी चालायचं, कारण दुपारी वीज असायची. पण दुपारी शेजारची पिठाची गिरणीही चालायची. अप्पा रुमाल सावरत गिरणीत जायचे आणि थोडा वेळ पट्टा काढ म्हणायचे. ज्वारीचे डबे घेऊन रांगेत बसलेल्या बायका कपाळावर हात मारायच्या. "म्हाताऱ्याला काय ऐकायचंय येवढं?" म्हणून एकीने विचारलं, तेव्हा गिरणीवाला म्हणाला, "कायच न्हाई. तेच ऐकायचंय त्याला." सगळ्या हसल्या. मीही हसले, तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी पहिल्यापासून पाहत होते. त्या मुक्या जागेत एका ठराविक ठिकाणी अप्पा हलकेच हसायचे. कोणतीही तार लावली तरी तिथेच. मग जागा संपायची आणि त्यांचा चेहरा पडायचा.

त्यांचा मुलगा सिद्राम मस्कतला होता, एअरकंडिशनच्या कामावर. ही सगळी यंत्रं त्यानेच आणून दिलेली. शुक्रवारी त्याला सुट्टी असायची, तेव्हा त्याचा फोन यायचा. अप्पा मोबाईल कानाला लावायचे, ऐकायचे, घसा खाकरायचे आणि फोन अक्काकडे द्यायचे. "बरं हाय म्हनावं," एवढंच. मला राग यायचा. इतक्या लांबून पोरगं फोन करतं आणि बापाला दोन शब्द जड होतात? मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बोलायची सवय ऱ्हायली न्हाई, बाई. आता काय बोलू?"

एका दुपारी मात्र माझं डोकं फिरलं. दहावीचे पेपर तपासायचे होते आणि अप्पांनी सलग तिसऱ्यांदा खाली बोलावलं. मी म्हटलं, "अप्पा, जरा ऐका. त्या तबकडीत आवाज नाहीये, आकडे आहेत. तार आकडे पोहोचवते. पोहोचले तर सगळे पोहोचतात, नाही तर खरखर होते. तबकडीत जे नाहीच, ते सोन्याच्या तारेतूनही यायचं नाही." मी फळ्यावर शिकवावं तसं बोटांवर मोजून शिकवलं. ते शांतपणे ऐकत होते. मग "व्हय," म्हणाले आणि बांडीच्या पिनेवरचा डाग फुंकरीने गार करत बसले. मी पाय आपटत वर गेले.

संध्याकाळी अक्का तूर पाखडायला वरच्या गच्चीवर आली. माझ्याकडे न बघताच तिने सुरुवात केली.

"तो आवाज माज्या भावजयीचा हाय. तिला लिवायला येत नव्हतं. पोरगं मस्कतला गेलं तसं ती कॅसेटीत बोलायची, आन कुनी तिकडं जायलं की त्याच्याजवळ द्यायची."

"आणि अप्पा?"

"ह्याला वाटायचं पोरानं अडत सांभाळावी. पोरगं हैदराबादच्या एजंटाकडून व्हिसा घिऊन गेलं. ह्यो रागाला आला. कॅसेटीत एक अक्षर बोलला न्हाई कवा."

शेवटच्या कॅसेटीची गोष्ट अक्काने सूप खाली ठेवून सांगितली. भावजयीने टेप उचलून नवऱ्यापुढे धरला आणि म्हणाली, तुमी बी बोला की. टेप फिरत राहिला. अप्पा बसून राहिले. अंगणात शेळीची घंटी वाजत होती. चुलीपाशी अक्काचा तांब्या पडला. अप्पांनी घसा खाकरला, पण बोलले नाहीत. भावजय त्यांच्याकडे बघत होती. "मग हासली बगा ती. मोठ्यानं न्हाई. ह्याचा हेका बगून आपलं हलकंच हासली. ह्याला बी हासू फुटलं. मग तिनं टेप आपल्याकडं घेतला आन म्हनली, अप्पा बरं हाइत."

त्याच वर्षी सिद्रामची आई काविळीने गेली. सिद्राम पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. जाताना त्याने मस्कतहून सोबत आणलेली ती कॅसेट बापाजवळ ठेवली आणि अप्पांनी ती पुढची कित्येक वर्षं ऐकली, पार झिजेपर्यंत. शेवटी टेप खरखर करायला लागला, अडकायला लागला. तेव्हा सिद्रामनेच ती शहरातल्या एका दुकानात नेली आणि साफ करून तबकडीवर उतरवून आणली. आवाज लख्ख झाला. कॅसेट त्या उतरवण्यात तुटली ती तुटलीच. पण त्या मधल्या जागेत आता घंटी नव्हती, तांब्या नव्हता, खाकरणं नव्हतं. खरखर म्हणून सगळं पुसलं गेलं होतं, आणि खरखरीबरोबर ते हसूही.

"त्याला वाटतंय, तार चांगली लागली की हासू यील," अक्का म्हणाली आणि सूप उचललं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बोटांवर मोजून मी त्यांना काय शिकवून आले होते!

चांदीची तार त्यानंतरची. माझं बिदरजवळच्या नौबादला प्रशिक्षण होतं. शेवटच्या दिवशी केंद्राच्या दारात बघते तर अप्पा उभे, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. बिदरला काम आहे, तुम्ही सोबत चला, म्हणाले. काम म्हणजे बायकोचे तोडे. पायातले, जाड, ठसठशीत, आतल्या बाजूने झिजून गुळगुळीत झालेले. बिदरीकामात काळ्या भांड्यांच्या नक्षीत चांदीची तार ठोकून बसवतात, त्यामुळे तिथल्या कारागिरांना तार ओढायचं अंग असतं. अशाच एका चाचांपुढे अप्पांनी फडकं सोडलं.

चाचांनी तोडे हातात घेऊन वजन पाहिलं. "पैननेका कुछ बनानेका?"

"नै. तार खींचनेकी."

"पैननेका नै, तो इत्ती बारीक तार कायकू, अप्पा?"

"सुननेकी है, चाचा," अप्पा म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, दुसरं काय करणार? तोडे मुशीत वितळताना अप्पांनी तोंड फिरवलं. नंतर मात्र, भोकं पाडलेल्या लोखंडी पट्टीतून तार एकेका भोकाने बारीक होत निघू लागली, तेव्हा ते पुढे सरकून बसले.

परतताना बसवकल्याणच्या स्टँडवर आळंदच्या गाडीची वाट पाहत आम्ही चहा घेतला. तारेचं भेंडोळं त्यांच्या बंडीच्या खिशात होतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अप्पा, अक्काने मला सगळं सांगितलंय. तुम्हाला खरंच वाटतं, या तारेने ते येईल?"

त्यांनी बशीतला चहा संपवला.

"तुमी त्या दिशी सांगितलं ते मला आदीच ठाव हाय, बाई. टीव्हीवाला बी तेच म्हनला. हासू दुकानातच ऱ्हायलं."

"मग?"

"मग पोराला काय म्हनू? त्यानं पदरचं घालून करून आनलं. माज्या हातात ठिवताना त्याचं डोळं भरलं व्हतं. तुज्या आईचं हासू पुसून आनलास म्हनू? आदीच माज्याकडं पाठ फिरवून गेल्यालं पोरगं हाय." त्यांनी रिकामी बशी बाजूला सरकवली. "तार वाईट हाय म्हटलं की कुनाला लागत न्हाई. त्याला कवाच कळू द्यायचं न्हाई, तुमी बी बोलू नका."

नाही बोलणार, असं मी कबूल केलं. गाडी लागली तेव्हा त्यांनी माझी पिशवी उचलून वर ठेवली, जागा धरली आणि आळंद येईपर्यंत खिशावरचा हात काढला नाही. मला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटलं, आणि जरा हेवाही वाटला त्याच्या बायकोचा.

चांदीच्या तारेला त्यांनी नाव ठेवलं नाही. तिला ते नुसतं "ती" म्हणायचे. इतर तारा खुंटीला लोंबायच्या, ती मात्र यंत्राला लावलेलीच असायची.

पुढे एका वर्षी तुरीच्या सुगीत सिद्राम रजेवर आला. बोलायला मऊ, बापासारखाच रुंद खांद्यांचा. अक्काकडून फोनवर त्याला तारांचं वेड कळलं होतं, म्हणून येताना त्याने तिकडच्या दुकानातली एक परदेशी तार आणली होती, मखमल लावलेल्या खोक्यात. "अप्पा, कशाला हात भाजून घेता? हिच्यापुढं काय न्हाई बगा," तो म्हणाला. अप्पा खोकं उलटसुलट करत राहिले. मनापासून खूश झाले होते, पण तसं बोलले नाहीत. घसा खाकरला.

दुपारी परीक्षा ठरली. गिरणी थांबवून झाली. सिद्राम स्टुलावर बसला, यंत्रांकडे पाठ करून. मी आणि अक्का मधल्या दारात. माझं सगळं लक्ष अक्काकडे होतं, कारण तिच्या तोंडाचा भरवसा नव्हता आणि अप्पांनी वर्षानुवर्षं जपलेलं आता एका शब्दाने फुटणार होतं.

अप्पांनी आधी "ती" लावली. सिद्रामच्या आईचा आवाज खोलीत आला, जेवलास का रं, काळी शेळी व्याली. तुमी बी बोला की. मग ती जागा. मग अप्पा बरं हाइत. त्यांनी तार बदलली, मखमलीतली लावली. पुन्हा तेच.

"पहिली का दुसरी?" त्यांनी शेजारी बसून मांडीवर रुमाल पसरला.

सिद्राम म्हणाला, "परत लावा. पहिली."

अप्पांनी उठून परत चांदीची लावली आणि येऊन बसले. तुमी बी बोला की, असं आई म्हणाली आणि सिद्रामने मान वळवून बापाकडे पाहिलं. त्या जागेत अप्पा डोळे मिटून बसले होते. एका ठिकाणी त्यांनी मान जराशी अंगणाकडे कलती केली, तिथे घंटी होती. एका ठिकाणी भुवई हलली, तो तांब्या. मग त्यांच्या ओठांवर ते हसू आलं, नेहमीच्या ठिकाणी.

सिद्राम ते बघतच राहिला. त्याने ती कॅसेट परक्या देशात एकट्या खोलीत किती वेळा ऐकली होती, ते त्यालाच माहीत. त्याचा चेहरा माझ्यासमोर बदलला. त्या जागेतलं काहीतरी आपण पुसून आणलं, हे त्याला कळलं होतं.

"अरं, तिथं तुजी आई," अक्काने सुरुवात केली.

"अक्का," अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "सौद्यात तिसऱ्यानं बोलायचं न्हाई."

सिद्रामचा हात रुमालाखाली गेला. तबकडी पुढे चालत राहिली, मग संपली. यंत्र आपोआप थांबलं. रुमाल हलत नव्हता. मी दारातून बाजूला झाले नाही. बराच वेळ ते दोघे तसेच बसून होते आणि सिद्रामच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. शेवटी गिरणीवाल्याने बाहेरून विचारलं, "अप्पा, लावू का पट्टा?"

"लाव," अप्पा म्हणाले. रुमाल झटकून त्यांनी डोक्याला बांधला, तो वाकडाच बसला. "झालं. सौदा झाला."

सिद्राम नंतर गच्चीवर आला. त्याला कोणाशी तरी बोलायचं होतं आणि मी परकी होते, ते बरं होतं. म्हणाला, "दुकानात मला इच्यारलं व्हतं, बाई. ह्या जागी काय बोललेलं न्हाई, नुसती खरखर हाय, काढू का? मी म्हटलं, काढा. मस्कतला ती जागा आली की मला वाटायचं, अप्पानं आजून माफ केलं न्हाई. आई म्हनायली बोला, आन हे बोलत न्हाइत. त्ये मला नको व्हतं."

"आणि ते हसू?"

"ते मला कवा ऐकूच आलं न्हाई. आज अप्पाच्या तोंडावर बगितलं तवा कळलं. मी अप्पाचा आवाज येतोय का, येवढंच ऐकत व्हतो." तो कठड्याला टेकून गिरणीच्या पत्र्याकडे बघत राहिला. त्याने रुमालाखाली काय दाबलं, हे मी विचारलं. तो म्हणाला, "त्ये इच्यारायचं नसतं."

त्यानंतर अप्पांनी नवी तार केली नाही. काळी, तांबडी, बांडी खुंटीवर धूळ खात राहिल्या. ऐकायला बोलावणं बंद झालं, आणि मला ते चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. शुक्रवारचा फोन मात्र लांबला. अप्पा अजूनही फारसं बोलत नसत, पण आता फोन अक्काकडे देत नसत. कानाला धरून अंगणात बसायचे, मधून घसा खाकरायचे. तिकडून सिद्रामही बोलत नसावा, कारण कधीकधी अर्धा अर्धा तास दोघेही गप्पच असायचे. "पैसं जायलेत की फुकट," अक्का करवादायची.

पुढे माझी बदली झाली. अप्पा गेल्याचं मला उशिरा कळलं. झोपेतच गेले, कोणाला हाक मारली नाही. मी भेटायला गेले तेव्हा पाहुणे पांगले होते. सिद्राम डोक्याचे केस काढून बसला होता. आतून अक्काच्या भांड्यांचा आवाज येत होता. यंत्रं जागच्या जागी होती, मधे चांदीची तार, काळपट पडलेली. कोणीतरी अप्पांचा रुमाल घडी करून स्पीकरवर ठेवला होता. ते बघून मला रडू आलं. आल्यापासून आवरून धरलं होतं, ते त्या रुमालाने सोडवलं.

सिद्रामने मला रडू दिलं. मग उठून त्याने खिशातून एक तबकडी काढली. "त्या बारीला परत जायच्या दिशी मी मोबाईल अप्पाम्होरं ठिवला व्हता," तो म्हणाला. "आईनं टेप ठिवला तसा. परवा दुकानातून उतरवून घेतली. त्यो इच्यारायला, साफ करून देऊ का. मी म्हटलं, हात लावू नका."

त्याने ती लावली. त्याचाच आवाज आला, जरा लाजल्यासारखा. "अप्पा, तुमी बी बोला की."

मग पंखा. गिरणीचा पट्टा. लांबून बसचा हॉर्न. अप्पांनी घसा खाकरला. आम्ही दोघे मान खाली घालून ऐकत होतो.

आतली भांडी थांबली. "काय लावलायस रं, सिद्रामा?" अक्काने विचारलं. "कायच ऐकू येईना."

"अप्पा हाइत, अक्का."

ती पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यावर बसली. पंख्याच्या घरघरीखाली, अगदी हळू, अप्पा हसले.

"हासला," अक्का म्हणाली.

"व्हय," सिद्राम म्हणाला. "ऐकू आलं."